आत्या कशाने गेली, हे सांगायला हवे



या अंकात आम्ही एका अवघड विषयावर लिहीत आहोत. बीजकोशाचा, म्हणजे ओव्हरीचा कर्करोग, आणि ज्या बायकांच्या घराण्यात हा धोका मोठा आहे त्यांनी तो होण्याआधीच करून घ्यायची शस्त्रक्रिया. हा विषय चारचौघांत बोलायचा नव्हे, असे आपल्या पिढीला वाटते. बायकांच्या आतल्या दुखण्यांची आपल्याकडे माजघरात कुजबुज व्हायची आणि पुरुष माणूस दारात आला की तीही थांबायची. पण आम्ही सारा जन्म रुग्णसेवेत घालवला आहे, आणि ही कुजबुज थांबल्याने कुणाचे भले झालेले आम्ही पाहिले नाही. म्हणून आजी-आजोबांनी हा लेख शांतपणे वाचावा, आणि नातवंडांना मराठी वाचायला जड जात असेल तर वाचून दाखवावा.

ऑस्ट्रेलियात दरवर्षी सुमारे १,८०० स्त्रियांना हा रोग झाल्याचे कळते. स्तनाच्या कर्करोगापेक्षा संख्येने तो खूपच कमी, पण फार लबाड. सुरुवातीला दुखत नाही, हाताला गाठ लागत नाही. पोट फुगल्यासारखे वाटते, चार घास खाल्ले की पोट भरते, लघवीला वारंवार जावे लागते, ओटीपोटात दुखते. बाई म्हणते, गॅस झाला असेल, वय झालं आता! आणि कळते तेव्हा रोग बहुधा पोटभर पसरलेला असतो. पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्या बायका निम्म्याच्या आसपास. ही लक्षणे नव्याने सुरू झाली आणि काही आठवडे हटली नाहीत, तर घरगुती काढे बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे.

'पोटात पाणी झालं होतं'

जुन्या काळी आपल्या घरांत या रोगाला नावच नव्हते. मुंबईत काय किंवा अलिबाग-पेणकडच्या गावांत काय, सांगणारे सांगत, 'तिच्या पोटात पाणी झालं', 'जलोदर झाला', 'पोटात गोळा होता'. बीजकोशाचा कर्करोग वाढला की पोटात पाणी साठते, हे आज आपल्याला ठाऊक आहे. जलोदर झालेली प्रत्येक बाई याच रोगाने गेली असे मुळीच नाही. यकृत बिघडले तरी पाणी होते, क्षयानेही होते. पण चाळिशी-पन्नाशीतली, दारूला कधी न शिवलेली बाई, पोट फुगून वर्ष-दोन वर्षांत गेली, आणि तिची बहीण किंवा मुलगी स्तनाच्या गाठीने गेली, तर ती गोष्ट डॉक्टरांच्या कानावर जायलाच हवी.

ही गोष्ट आज कुणाला माहीत आहे? सिडनीत जन्मलेल्या नातीला नाही. ती आपल्याला माहीत आहे. आपण गेलो की ती आपल्याबरोबर जाईल.

बालमित्रांनो, तुमच्यासाठी

आता मुलांना समजेल असे थोडे सांगतो. रोश हाशानाला आजी चिकाचा हलवा करते ना? समजा, त्या हलव्याची कृती तुमच्या घरात दोन कागदांवर लिहिलेली आहे. एक कागद आईकडून आलेला, एक बाबांकडून. कुणीतरी उतरवून घेताना एका कागदावर 'सारखे ढवळत राहा' ही ओळ गाळली. तो कागद पाहून हलवा केला तर तळाला लागणारच! पण दुसरा कागद चांगला आहे, तोवर काही बिघडत नाही. काही वर्षांनी त्या दुसऱ्या कागदावर दूध सांडले आणि अक्षरे पुसली गेली, की मग पंचाईत.

आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत अशाच कृती असतात. त्यांना जनुके किंवा जीन म्हणतात. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या दोन जनुकांचे काम दुरुस्तीचे. पेशीतल्या इतर कृती फाटल्या-तुटल्या की त्या सांधायच्या. दुरुस्ती करणाराच कामावर नसला तर चुका साठत जातात आणि एखादी पेशी बेफाम वाढू लागते. त्यालाच कर्करोग म्हणतात.

आईकडे किंवा बाबांकडे असा एक चुकीचा कागद असेल, तर तो मुलाकडे यायची शक्यता निम्मी. नाणे उडवल्यासारखे. मुलगा असो की मुलगी, दोघांनाही सारखीच. आणि हा कुणाचा दोष नसतो, हे पक्के लक्षात ठेवा. लहान मुलांची ही तपासणी करत नाहीत. अठरा वर्षांचे झालात की तुमचे तुम्ही ठरवायचे.

आपला याच्याशी संबंध काय?

या जनुकांपैकी पहिले कुठल्या गुणसूत्रावर आहे, हे अमेरिकेतल्या मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये दाखवले. १९९४ मध्ये बीआरसीए-१ आणि १९९५ मध्ये बीआरसीए-२ हाती लागले. मग असे दिसून आले की युरोपातून आलेल्या अश्केनाझी ज्यूंमध्ये तीन ठरावीक बिघाड पिढ्यानपिढ्या चालत आले आहेत. त्यांच्यातल्या साधारण ४० माणसांत एकाकडे यांतला एक बिघाड असतो. सर्वसाधारण लोकांत हे प्रमाण सुमारे ४०० त एक असे धरतात. या तिनांपैकी एक बिघाड इराकी ज्यूंमध्येही सापडला आहे, तेव्हा मुंबईच्या बगदादी घराण्यांशी ज्यांची सोयरीक आहे त्यांनी याची नोंद घ्यावी.

यावर आपले लोक म्हणतात, 'तो अश्केनाझींचा आजार, आपण बेने इस्राएल. आपले वाडवडील शतकानुशतके कोकणात तेल गाळत होते, आपल्याला काय त्याचे?' हे बोलणे दोन कारणांनी अपुरे आहे.

पहिले कारण, आपली मुले-नातवंडे आता सिडनी-मेलबर्नमध्ये अश्केनाझी घरांत लग्ने करतात. व्याह्यांकडून आलेले जनुक नातीत उतरू शकते. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे. या दोन जनुकांत बिघाड व्हायच्या जागा शेकडो आहेत आणि ते जगातल्या सगळ्या समाजांत सापडतात. मराठा, ब्राह्मण, गुजराती, चिनी, इंग्रज, कुणीही यातून सुटलेले नाही. म्हणून ज्या बेने इस्राएल बाईच्या घराण्यात हा रोग आहे, तिने फक्त 'ज्यू लोकांचे तीन बिघाड' तपासून घेऊन निश्चिंत होऊ नये. तिची दोन्ही जनुके पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायला हवीत.

गेल्या दहाएक वर्षांत सिडनी आणि मेलबर्नच्या ज्यू समाजात 'जीनस्क्रीन' नावाचा उपक्रम झाला, आणि इस्रायलमध्ये २०२० पासून अश्केनाझी वंशाच्या स्त्रियांना आरोग्ययोजनेतून ही तपासणी मिळू लागली. दोन्ही ठिकाणी भर आहे तो त्या तीन बिघाडांवर. अशा तपासणीत कुणाला 'काही नाही' असे उत्तर मिळाले असेल, तर आपल्या बाबतीत ते अर्धेच उत्तर समजावे.

काकू वेगळी, आत्या वेगळी

इथला डॉक्टर विचारतो, घरात कुणाला कर्करोग होता का? नात म्हणते, माझ्या एका आंटीला होता. आता आंटी म्हणजे कोण? इंग्रजीत आत्या, मावशी, काकू, मामी सगळ्यांना एकच शब्द. आपल्या मराठीत मात्र नात्यातच उत्तर दडलेले आहे. आत्या आणि मावशी रक्ताच्या. काकू आणि मामी लग्न होऊन घरात आलेल्या, त्यांचा आजार आपल्या रक्तात येत नाही. चुलत, आते, मामे, मावस बहिणी मात्र धरायच्या.

आणखी एक गोष्ट वारंवार राहून जाते. बायकांचा आजार म्हणून लोक फक्त आईकडची बाजू सांगतात. पण बापही हा बिघाड मुलीला देऊ शकतो. बापाला बीजकोश नाही, म्हणून रोग त्याच्यात दिसत नाही, तो त्याच्या बहिणीत दिसतो. म्हणजे आत्यात! तेव्हा आत्या कशाने गेली हे भाचीला कळलेच पाहिजे. घरातल्या पुरुषांना कमी वयात प्रोस्टेटचा, स्तनाचा, किंवा कुणालाही स्वादुपिंडाचा कर्करोग झाला असेल तर तेही सांगावे.

पण घराण्यात कुणाला नाही म्हणून धोका नाहीच, असेही समजू नये. ऑस्ट्रेलियात बीजकोशाचा कर्करोग झालेल्या एक हजार स्त्रियांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या सुमारे १४ टक्के स्त्रियांत बीआरसीएचा बिघाड होता, आणि अशा स्त्रियांपैकी ४४ टक्के जणींच्या घराण्यात आधीचा कुठलाच इतिहास सांगितलेला नव्हता. लहान कुटुंबे, मुलगेच मुलगे, किंवा कुणी काही बोललेलेच नाही, अशी कारणे यामागे असू शकतात.

शस्त्रक्रिया कोणती, कधी?

आता मुख्य मुद्दा. सर्वसाधारण १०० स्त्रियांपैकी एखादीलाच जन्मभरात बीजकोशाचा कर्करोग होतो. बीआरसीए-१ चा बिघाड असलेल्या १०० स्त्रियांपैकी ऐंशीव्या वर्षापर्यंत सुमारे ४४ जणींना होतो, आणि बीआरसीए-२ असेल तर सुमारे १७ जणींना. (स्तनाच्या कर्करोगाचा धोका तर दोन्हींत ७० टक्क्यांच्या आसपास, पण त्याविषयी पुन्हा कधी.)

कुणी विचारेल, मग दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि रक्ततपासणी करत राहिलो तर? ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त स्त्रियांना घेऊन अशाच तपासण्यांचा प्रयोग केला. त्याचा शेवटचा निकाल २०२१ मध्ये आला. सर्वसाधारण धोका असलेल्या या स्त्रियांत तपासण्यांनी मृत्यू कमी झाले नाहीत. जास्त धोका असणाऱ्यांनाही अशा तपासणीच्या भरवशावर राहा, असे डॉक्टर सांगत नाहीत. आणि पॅप स्मिअर, किंवा डिसेंबर २०१७ पासून इथे तिच्या जागी आलेली दर पाच वर्षांची तपासणी, ही गर्भाशयाच्या तोंडाची असते. तिच्यात बीजकोशाचे काही कळत नाही.

म्हणून धोका सिद्ध झाला असेल तर डॉक्टर शस्त्रक्रिया सुचवतात. तिचे प्रकार असे:

दोन्ही बीजकोश आणि दोन्ही नळ्या काढणे. हा मुख्य आणि खात्रीचा मार्ग. बीआरसीए-१ असेल तर ३५ ते ४० या वयात, बीआरसीए-२ असेल तर ४० ते ४५ पर्यंत, आणि अर्थात मुलेबाळे झाल्यावर. धोका सुमारे ८० टक्क्यांनी कमी होतो. पोटाच्या आतल्या अस्तराला थोडा धोका उरतो, तो कुठल्याच शस्त्रक्रियेने शून्य होत नाही.

सोबत गर्भपिशवीही काढणे. सगळ्यांना याची गरज नसते. पिशवीचा वेगळा त्रास असेल, किंवा लिंच सिंड्रोम नावाचा दुसरा आनुवंशिक दोष असेल, तर विचार करतात.

आधी फक्त नळ्या, बीजकोश नंतर. २००१ मध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी दाखवले की धोक्यातल्या स्त्रियांच्या नळ्यांत कर्करोगापूर्वीचे बदल दिसतात. पुढे कळले की आपण ज्याला बीजकोशाचा म्हणतो तो कर्करोग पुष्कळदा नळीच्या झालरीसारख्या टोकाला सुरू होतो. म्हणून नळ्या लवकर काढाव्यात आणि बीजकोश काही वर्षे ठेवावेत, असा विचार पुढे आला. यात पाळी एकदम जात नाही, त्यामुळे बाईला त्रास कमी. परंतु संरक्षण पहिल्या मार्गाइतकेच मिळते का, याचे उत्तर यायला अजून वर्षे लागतील. तोवर हा मार्ग अभ्यासात भाग घेऊनच धरावा, असा सल्ला देतात.

शस्त्रक्रिया बहुधा दुर्बिणीतून होते. पूर्ण भूल, पोटावर तीन-चार छोटी छिद्रे, आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी. काही आठवडे जड उचलायचे नाही. मोलकरीण नसलेल्या या देशात घरच्यांनी ते लक्षात ठेवावे! एक प्रश्न डॉक्टरांना आधीच विचारा: काढलेल्या नळ्या आणि बीजकोश पातळ काप करून संपूर्ण तपासणार ना? कारण कधी कधी तिथे आधीच दडलेला बारीक कर्करोग सापडतो.

नंतरचे दिवस

हे आम्ही मुद्दाम स्पष्ट लिहितो, कारण हे सांगायचे राहून जाते. चाळिशीच्या आत बीजकोश काढले की पाळी हळूहळू जात नाही, एका दिवसात जाते. अंगातून गरम वाफा, घाम, झोप उडणे, चिडचिड, कोरडेपणा, नवराबायकोच्या संबंधात अडचण. पुढे हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयाचा प्रश्न. स्तनाचा कर्करोग झालेला नसेल तर साधारण पन्नाशीपर्यंत हार्मोनची औषधे घ्यायला सांगतात. ती भीतीने परस्पर बंद करू नयेत. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर बहुधा ती देत नाहीत, मग दुसरे उपाय असतात. हाडांची घनता मोजत राहावी, चालायला जावे. मुले हवी असतील तर अंडी किंवा भ्रूण गोठवून ठेवण्याविषयी शस्त्रक्रियेच्या आधीच बोलावे.

आणि सासूबाईंनो, आयांनो, 'एवढ्या तरुणपणी कशाला चिरून घेतेस' असे म्हणू नका. घाई करण्याजोगी ही गोष्ट नाही, हे खरे. पण ठरवणारी तीच.

भारतात पन्नाशीच्या आत 'पिशवी काढलेल्या' कितीतरी बायका आपल्यात आहेत. त्यांतल्या पुष्कळजणींना पिशवीबरोबर बीजकोश काढले की ठेवले हे माहीत नाही. 'माझं सगळं काढलंय' असे गृहीत धरू नका. जुना कागद असेल तर डॉक्टरांना दाखवा.

खर्च, कायदा आणि ब्रिस्बेनच्या बाई

हे जनुक कुणाच्या मालकीचे, असा प्रश्न एकेकाळी होता! एका अमेरिकन कंपनीकडे बीआरसीए-१ चे पेटंट होते. ब्रिस्बेनच्या यव्होन डार्सी या बाई दोनदा स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या. त्या कोर्टात गेल्या. खालच्या कोर्टांत हरल्या, पण ७ ऑक्टोबर २०१५ रोजी ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. शरीरातून वेगळे काढलेले जनुक पेटंटचा विषय होऊ शकत नाही, असा तो निकाल. तेव्हा बाई ६९ वर्षांच्या होत्या. त्यांना स्वतःला त्यातून काही मिळायचे नव्हते.

१ नोव्हेंबर २०१७ पासून मेडिकेअरनेही ही तपासणी घेतली. नियम साधारण असा: ज्या बाईला स्तनाचा किंवा बीजकोशाचा कर्करोग झाला आहे आणि जिच्यात बिघाडाची शक्यता पुरेशी आहे, तिची तपासणी आधी. तिच्यात बिघाड सापडला की रक्ताच्या नातेवाइकांची. जी.पी.कडून चिठ्ठी घेऊन फॅमिली कॅन्सर क्लिनिकमध्ये जायचे. सिडनीत रँडविकच्या प्रिन्स ऑफ वेल्स आणि वेस्टमीड रुग्णालयात, मेलबर्नमध्ये पीटर मॅकॅलम केंद्रात अशी सोय आहे. मुंबई-ठाण्याच्या नातेवाइकांना टाटा मेमोरियल रुग्णालय जवळ. निकालात कधी 'अर्थ न लागणारा बदल' असेही लिहून येते. तेवढ्यावरून शस्त्रक्रिया करू नये.

हेल्थ इन्शुरन्सचा हप्ता इथे जनुकांवरून वाढत नाही. लाइफ इन्शुरन्सच्या कंपन्यांवर मात्र निकाल वापरायला बंदी घालण्याचा निर्णय सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केला. नवी पॉलिसी घेणार असाल तर कायदा कुठवर आला आहे ते क्लिनिकमधल्या जेनेटिक कौन्सेलरला विचारून मग पुढे जा.

'मला आता काय करायचंय?'

तीस वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या आज्या आपल्यात आहेत. त्यांना तपासणीचे सुचवले की हेच उत्तर मिळते. मला आता काय करायचंय, गेली माझी! पण वर सांगितलेला नियम पुन्हा वाचा. तपासणी आजार झालेल्या बाईपासून सुरू होते. तिच्या एका रक्ताच्या नळीतून मुलीला, नातीला, भाचीला नेमके काय शोधायचे ते कळते. आजीत सापडलेला बिघाड नातीत नसेल तर त्या नातीची त्या धोक्यातून सुटका झाली, शस्त्रक्रियेचा प्रश्नच मिटला. ही बातमी आजीशिवाय दुसरे कुणी इतक्या सहज देऊ शकत नाही.

येत्या शब्बाथनंतर एक कागद घ्या. आई-वडील, त्यांची भावंडे, आपली भावंडे आणि त्यांची मुले यांची नावे लिहा. प्रत्येकापुढे आजार, तो कोणत्या वयात झाला, आणि कशाने व कोणत्या वर्षी गेले ते लिहा. कर्करोगाचे नाव माहीत नसेल तर 'पोटात पाणी', 'छातीत गाठ' असे जे ऐकले असेल तेच लिहा. लोद, अश्दोद, ठाण्याच्या बहिणींना फोन करून विचारा. नातवंडांना इंग्रजीत उतरवून घ्यायला सांगा, आणि त्यांना आत्या आणि काकू यांतला फरकही त्याच वेळी शिकवा. मग तो कागद घरातल्या प्रत्येक मुलीच्या आणि मुलाच्याही हाती द्या.

सर्वांना उत्तम आरोग्य लाभो.